वरचा उजवा कोपरा

इनासकाकांच्या चष्म्याला काच एकच आहे, डाव्या डोळ्यापुढे. उजव्या डोळ्यापुढे नुसतं गोल कडं. त्या कड्यातून ते बोट आरपार घालतात आणि डोळा चोळतात. पहिल्यांदा बघणारा माणूस दचकतो. मी तर चक्क ओरडलो होतो. आम्ही नुकतेच निर्मळजवळच्या या इमारतीत राहायला आलो होतो. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत चहा पीत उभा, आणि खाली केळीच्या वाडीतून एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे बघत होते. बघता बघता त्यांनी चष्म्यात बोट घातलं, आणि ते थेट डोळ्याला लागलं! मी बायकोला हाक मारली. ती येईपर्यंत त्यांनी बोट बाहेर काढून मला रीतसर नमस्कारही केला होता.

हा प्रसंग मी पुढे शंभर लोकांना रंगवून सांगितला. नुसता सांगितला नाही, करून दाखवला. मला नकला करायची खोड आहे. ऑफिसात साहेबांची करायचो, निवृत्तीनंतर साहेब उरले नाहीत म्हणून शेजाऱ्यांची करू लागलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहायचं आहे ते लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि लाज वाटणारी गोष्ट उशिरा सांगितली की आणखी वाटते.

तर इनासकाका. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अंगात पांढरा बुशशर्ट, गळ्यात कॅमेरा. केळीची आणि थोडी मोगऱ्याची वाडी, वाडीत कौलारू घर, घरात ते आणि फिलूकाकू. गावातल्या दोन पिढ्यांची लग्नं, बाप्तिस्मे आणि मयती त्यांनी टिपल्या आहेत. घरच्या माणसांशी ते त्यांच्या गावच्या बोलीत बोलतात, ती मला अजूनही अर्धीच कळते. माझ्याशी मात्र पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी, आणि प्रत्येक वाक्यात ‘राणेसाहेब’.

एका काचेमागचं शास्त्र त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. कॅमेऱ्याला मागे जी डोळा लावायची जागा असते, तिला ते ‘खिडकी’ म्हणतात. “चष्मा लावून खिडकीला डोळा लावला ना राणेसाहेब, की डोळा लांब राहतो. मग मधलं दिसतं, कोपरे दिसत नाहीत. आणि तुम्हाला नाही दिसलं म्हणून कॅमेऱ्याला दिसत नाही असं थोडंच आहे? तो सगळं घेतो. बरं, चष्मा काढून खिशात ठेवला, तर खिडकीच्या बाहेरचं जग गेलं!” तसं एका लग्नात झालंही होतं. खिडकीच्या बाजूला एक बारीक चाक असतं, ते आपल्या नंबरावर फिरवलं की चष्म्याशिवाय आतलं स्वच्छ दिसतं. इनासकाकांनी चाक फिरवलं, चष्मा खिशात टाकला आणि खिडकीवरून डोळा काढून समोरच्या काळ्या सुटाला म्हणाले, “नवरदेव, जरा नवरीच्या जवळ सरका.” तो बँडवाला होता. तो सरकलासुद्धा.

त्या दिवसानंतर त्यांनी चष्मेवाल्याकडे जाऊन उजवी काच काढून घेतली. आता खिडकीचं रबर रिकाम्या कड्यातून थेट डोळ्याला टेकतं आणि डावा डोळा काचेतून पाहुण्यांवर लक्ष ठेवतो. “उजवा कॅमेऱ्याचा, डावा माझा,” असं ते म्हणतात. चष्मेवाला बिचारा ‘दुसरी काच फुकट देतो, पण लावून घ्या’ म्हणत होता.

माणूस भिडस्त इतका, की एकदा एसटीत शेजारची बाई ओरडली, “काका, तुमची काच पडली!” कंडक्टरपासून सगळे सीटखाली वाकले. आता काच पडलेलीच नाही, हे सांगायचं तर सगळं शास्त्र सांगावं लागणार. मग इनासकाकाही वाकले. अख्खी बस शोधते आहे आणि आपण बसून राहायचं, हे त्यांना बरं वाटेना. स्टँड येईपर्यंत ते स्वतःची नसलेली काच शोधत होते, आणि उतरताना सगळ्यांचे आभार मानून उतरले.

त्यांचं सगळ्यात मोठं वेड मात्र कोपऱ्यांचं. “कोपरे बघा, कोपरे! मधलं काय, कुणालाही दिसतं.” बटण दाबण्याआधी ते चारी कोपरे बघणार: खालचा डावा, वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा. त्यांच्या आल्बममध्ये नवरीच्या मागे खरकटी ताटं नाहीत, दात कोरणारा मामा नाही, वाळत घातलेला लेंगा नाही. एकदा एका लग्नाचा ग्रुप फोटो म्हैस कोपऱ्यातून जाईपर्यंत थांबला होता. म्हैस जागची हलेना. पन्नास माणसं उन्हात उभी, आणि हे म्हशीला आर्जवानं म्हणतायत, “चल ना गं बाई.”

आमच्या घरी आले तरी आधी दारात उभे राहून दिवाणखान्याचे चारी कोपरे बघायचे आणि मग हळूच म्हणायचे, “पंख्याच्या बाजूला जाळं आहे, वहिनी.” माझी बायको संतापायची. पण ते येणार म्हटलं की आधी झाडू घेऊन स्टुलावर चढायची.

आता सांगा, असा माणूस शेजारी असताना नकला करणाऱ्यानं काय करावं? मी नक्कल बसवली. दारात उभं राहून चार कोपरे बघायचे. मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून त्यांची अंगठी करायची, ती डोळ्याला लावायची आणि डाव्या हाताचं बोट तिच्यातून घालून डोळा चोळायचा. मग पातळ आवाजात ‘कोपरे, कोपरे!’ करत मागे मागे जायचं आणि पाण्याच्या पाटात पडायचं. इनासकाका फोटो काढताना मागे सरकत सरकत केळीच्या पाटात एकदा खरंच पडले होते, कॅमेरा वर धरून. सोसायटीच्या गणपतीत मी हे करून दाखवलं तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. वन्समोअर मिळाला. मी दोनदा पडलो.

आणि त्याच सुमारास मी त्यांच्याकडे फोटोग्राफी शिकत होतो! सकाळी शिष्य, संध्याकाळी नक्कल. मला यात काही वावगं वाटायचं नाही. काका मन लावून शिकवायचे. माझा नंबर मोठा, चाकात मावेना. मग म्हणाले, “हरकत नाही. चष्म्यासकट बघा. पण डोळा जरा डावीकडे सरकवा, डावे कोपरे दिसतील. मग उजवीकडे. दोन्ही बाजू बघून झाल्या की मगच बटण.” खिडकीच्या कडेनं माझ्या चष्म्याला चरे पडतील म्हणून त्यांनी सायकलच्या ट्यूबची बारीक गोल पट्टी कापून माझ्या कॅमेऱ्याला स्वतः चिकटवून दिली.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. नाताळ जोडून समारंभ ठरला, आणि रॉनी येणार म्हणून कळलं. रॉनी म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. सहा वर्षांनी येत होता. त्यांच्या ओटीच्या भिंतीवर रॉनीचे फोटो ओळीनं लावलेले आहेत: चर्चमधला पहिला कम्युनियन, दहावी, कॉलेज, विमानतळ. सगळ्यांत तो ताठ उभा, हात बाजूला, ओठ घट्ट मिटलेले. मी एकदा सहज म्हटलं, “रॉनी हसत नाही वाटतं फोटोत?” काका म्हणाले, “मी हसू दिलं नाही ना. सारखं हलू नको, हलू नको. एकदा हलला म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटाही घातला होता, कम्युनियनच्या दिवशी. तेव्हापासून कॅमेरा बघितला की तो असाच होतो.” मग म्हणाले, “कॅमेरा नसला तरी माझ्यापुढे असाच.” फिलूकाकूंनी विषय बदलला. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो तो पाच मिनिटांचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इकडे बर्फ आहे, ठेवतो.

“राणेसाहेब,” समारंभाच्या आठवडाभर आधी काका मला म्हणाले, “या वेळी मला फोटोत बसायला लागणार. मी, फिलू आणि रॉनी एका फोटोत, असं अजून झालेलं नाही. मी कायम खिडकीच्या मागे. फोटो तुम्ही काढा. बाहेरचा माणूस नको.” इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असेल. मी छाती फुगवून हो म्हणालो.

आदल्या संध्याकाळी मांडवाला झालरी लावायला मी आणि रॉनी शिडीवर होतो. पोरगा पस्तिशीचा, चांगला, पण बोलेचना. काका मध्येच येऊन “डावीकडची झालर खाली आहे, कोपरा बघ” म्हणून गेले आणि रॉनीचा चेहरा एकदम भिंतीवरच्या फोटोतला झाला. मला ते अवघडलेपण सोसेना. काका आत गेल्याची खात्री करून मी शिडीवरून उतरलो आणि माझी नक्कल सुरू केली. तो आधी नुसता बघत राहिला. मी अंगठीतून बोट घातलं तेव्हा त्याला हसू फुटलं. मी पाटात पडलो तोवर तो खुर्चीवर बसून डोळे पुसत होता. “अंकल, एकदम पप्पा! परत करा ना.” मी परत केली. त्यालाही शिकवली. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा झाली, सगळे वाडीत आले. मध्ये दोन खुर्च्यांवर इनासकाका आणि फिलूकाकू, मागे सत्तर-ऐंशी माणसं, आणि रॉनी उंच म्हणून उजव्या टोकाला मागच्या ओळीत चुलतभावांबरोबर. “मुलाला जवळ घ्या ना,” मी म्हटलं, पण तो म्हणाला, “इथेच ठीक आहे.”  मटणाचा वास सुटला होता, ऊन डोळ्यांवर येत होतं, मागून कुणीतरी “लवकर हो मास्तर!” ओरडलं. मी डोळा खिडकीला लावला. मधे काका आणि काकू छान दिसत होते. डोळा सरकवून कोपरे बघायचे होते. पण इतक्या माणसांपुढे कॅमेऱ्याला डोळा घासत बसायचं म्हणजे मी माझ्याच नकलेतला इनासकाका दिसणार, असं मला वाटलं. म्हणून नाही बघितले. बटण दाबलं. फोटो एकच काढला. लोक जेवायला पळाले.

स्टेशनजवळच्या दुकानात मी दोन फुटांची प्रिंट काढून फ्रेम करायला टाकली. रॉनी परत जाण्याआधी काही ती मिळाली नाही, नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी मिळाली. दुकानात मी मधल्या खुर्च्यांवरचे दोन चेहरे बघितले, स्वतःवर खूश झालो आणि कागदात बांधून घेतली. तशीच काकांच्या ओटीवर नेऊन ठेवली.

काकांनी आधी डावी काच पुसली. मग कागद सोडला, फ्रेम मांडीवर उभी धरली आणि त्यांच्या सवयीनं खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. “खालचा डावा, स्वच्छ. वा! वरचा डावा, केळीचं पान आलंय, येऊ दे. वरचा उजवा...” आणि ते थांबले.

मी वाकून बघितलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात रॉनी होता. डोळ्याला अंगठी लावलेली, तिच्यातून बोट घातलेलं, समोर बसलेल्या बापाच्या पाठीमागे. आणि तोंड भरून हसत होता. शेजारचे चुलतभाऊ त्याच्याकडे बघून हसत होते. दोन फुटांच्या प्रिंटमध्ये सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागितलेला फोटो, आणि त्यात त्यांचाच मुलगा त्यांची टवाळी करतोय. आणि ती टवाळी माझी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

फिलूकाकूंनी चष्मा वर करून बघितलं. “हे काय करतोय रॉनी?”

 मग मीच बोललो. “काकू, ते मी शिकवलं त्याला. काकांची नक्कल आहे. मी करतो. गणपतीत पण केली होती. काका, माझं चुकलं. मी हा फोटो घेऊन जातो, कोपरा कापून आणतो.”

“मला माहीत आहे,” काका म्हणाले. “गणपतीत मी मागे उभा होतो. प्रसादाला आलो होतो.”

“आणि तरी तुम्ही मला शिकवत राहिलात?”

“तुमच्या कॅमेऱ्याचा त्यात काय दोष?” ते म्हणाले. “चांगली करता. पडता ते थोडं जास्त होतं.”

 माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. काकांची नजर अजून त्या कोपऱ्यावरच होती. रॉनीच्या चेहऱ्यावर त्यांनी अंगठा टेकवला आणि काच घाण होईल म्हणून लगेच काढला.

“याचे खालचे दात वाकडे आहेत,” ते फिलूकाकूंना म्हणाले. “मला ठाऊकच नव्हतं.”

फिलूकाकू उठून आत गेल्या. चहा ठेवायला गेल्या म्हणावं, तर स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही.

“राणेसाहेब, एक काम करा,” काका म्हणाले. “ती नक्कल करा. इथे, माझ्यापुढे.”

“काका, लाजवू नका.”

“लाजवत नाही हो. मला बघायचंय, तो नेमका कुठे हसला. पहिल्यांदा हसला ते कुठे?”

मी उभा राहिलो. सोसायटीच्या दोनशे माणसांपुढे मी न अडखळता केलेली ती नक्कल, एका म्हाताऱ्या माणसापुढे मला करवेना. चार कोपरे बघितले.  डोळ्याला अंगठी लावली, बोट घातलं आणि म्हटलं, “इथे.”

“इथे,” काका म्हणाले. “बोट घातल्यावर.”

“हो.”

“आणि जोरात?”

“पडल्यावर.”

त्यांनी मान डोलावली. मग स्वतः उठून माझ्यासारखी अंगठी केली आणि तिच्यातून बोट घातलं. त्यांना जमेना. रोजचं ते चष्म्याच्या कड्यातून बोट घालतात, पण माझ्यासारखं करायला गेले की चुकत होतं. मी त्यांचा हात धरून अंगठा नीट बसवून दिला. ज्या माणसानं मला खिडकीत बघायला शिकवलं, त्याला मी त्याचीच टवाळी शिकवत होतो. तोही मन लावून शिकत होता, दोनदा विचारत होता, “असं? की बोट आणखी आत?”

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता. काकांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा केला. मी पडद्यात दिसू नये म्हणून फोनच्या मागे भिंतीला टेकून राहिलो. जेवलात का, झालं. गोळ्या घेतल्या का, झालं. इकडे बर्फ आहे, झालं. आता तो ‘ठेवतो’ म्हणणार, एवढ्यात काका म्हणाले, “थांब जरा.” आणि ते उठले. चार कोपरे बघितले. अंगठी केली, बोट घातलं, घाईत डोळ्यात गेलं, डोळ्यातून पाणी आलं. ‘कोपरे, कोपरे’ करत दोन पावलं मागे गेले आणि पडायचं म्हणून खुर्चीवर जपून, तिचे हात धरून बसले. गुडघे त्यांचे दुखतात.

 मला वाटलं फोन कट झाला.

मग रॉनीचा आवाज आला, अगदी हळू. “पप्पा... हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

काकांनी फोनवरून नजर काढली आणि फोनच्या मागे, माझ्याकडे बघितलं. माझं नाव त्यांच्या ओठांवर येणार म्हणून मी खाली बघितलं.

“कोण सांगणार?” काका म्हणाले. “मलाच सुचलं. सारखं बोट घालतो ना मी, म्हटलं दिसतं कसं बघावं. बरोबर जमलं का?”

“पप्पा, पडताना हात नाही धरायचा,” तिकडून रॉनी म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला हसू आवरेना. काका तोंड उघडं ठेवून त्या हसणाऱ्या पोराकडे बघत होते. पाच मिनिटं होऊन गेली होती, तरी तो ‘ठेवतो’ म्हणत नव्हता.

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता ओटी उतरलो. त्या दिवसापासून मी कुणाचीही नक्कल केलेली नाही.